आधीची मोजणी

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सां मालो या गावाशेजारी रान्स नदी समुद्राला मिळते. तिथे उधाणाच्या दिवशी ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी १३.५ मीटर चढू शकते, चार मजली इमारत बुडेल इतके. या चढउतारावर वीज करायची म्हणून नदीच्या मुखावर ७५० मीटर लांबीचा बंधारा घातला गेला आणि त्यात प्रत्येकी १० मेगावॉटची २४ जनित्रे बसवली गेली. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी त्याचे उद्घाटन केले. समुद्राच्या विजेचा विषय निघाला की रान्सचे नाव पहिल्यांदा घेतात, आणि ते रास्तच आहे. मात्र बंधाऱ्याचे काम कोरड्यात करता यावे म्हणून १९६३ पासून सुमारे तीन वर्षे ते मुख समुद्रापासून तोडून ठेवले होते, ही हकिगत बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. त्या तीन वर्षांत खाडीत भरती आली नाही की ओहोटी झाली नाही. पाण्याचा खारेपणा उतरला, तळावर गाळ बसला आणि खाऱ्या पाण्यावर जगणारी जवळजवळ सगळी जीवसृष्टी संपली.

पुढे दरवाजे उघडले, पाणी पुन्हा ये-जा करू लागले. साधारण दहा वर्षांनी खाडीत जीवसृष्टीची नवी घडी बसली. काही जाती परतल्या, काही कमी झाल्या, गाळाचा प्रश्न मात्र कायमचा मागे लागला. खाडी सावरली, असे आज म्हटले जाते. पण सावरली म्हणजे कुठपर्यंत? आधी तिथे कोणते मासे किती होते, चिखलात किती शिंपले होते, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात उतरत होते, याची पुरेशी मोजदाद बंधाऱ्यापूर्वी झालेली नव्हती. आजारी माणूस बरा झाला असे सांगायचे आणि आजारापूर्वी त्याचे वजन किती होते ते कुणालाच ठाऊक नसायचे, अशातला हा प्रकार.

या पुस्तकाचा विषय माझ्या दृष्टीने इथून सुरू होतो. योगायोग असा की त्याच १९६६ साली, १ जानेवारीला, आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला इथे आहे. समुद्र मोजायला हवा, ही जाण आपल्याकडे आली त्याच वर्षी दुसरीकडे न मोजता अडवलेल्या पाण्यातून वीज वाहू लागली होती.

लाटांच्या आणि भरती-ओहोटीच्या ऊर्जेसाठी पर्यावरण सल्ला देणे हे या पुस्तकाच्या लेखिकेचे रोजचे काम. ‘पर्यावरण सल्लागार’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो परवानगी काढून देणारा माणूस: जाडजूड अहवाल, त्याला पन्नास परिशिष्टे आणि शेवटच्या पानावर ‘परिणाम नगण्य’. हे चित्र अगदीच खोटे नाही. म्हणूनच हे काम नीट केले तर काय असते ते मराठीत कुणीतरी सविस्तर सांगायला हवे होते. जीवशास्त्रज्ञ, पाण्याखालचा आवाज मोजणारे अभियंते, दुर्बीण घेऊन तासन्‌तास बसणारे पक्षीनिरीक्षक, मच्छीमारांशी बोलणी करणारी माणसे, गाळ कुठे सरकेल याचे गणित मांडणारे, अशा सगळ्यांचे हे काम आहे. आणि त्यांनी हाती ठेवायची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे यंत्र पाण्यात उतरण्यापूर्वी केलेली मोजणी. बाकी सारे त्या मोजणीवर उभे राहते.

या ऊर्जेची ओढ का वाटते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपासच्या भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोळीवाड्यातल्या पोरालाही येतो. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. वारा पडतो, आभाळ भरून येते, पण भरती आपली वेळ चुकवत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, हे शंभर वर्षे आधी लिहून ठेवता येते. विजेच्या जाळ्यासाठी याहून भरवशाचा स्रोत मिळणे अवघड. लाटांचे तसे नाही. लाट वाऱ्याची लेक, तिचा अंदाज काही दिवसांपुरता. तरी तिच्यात ताकद अफाट, आणि ती काढून घेण्याचे प्रयत्न स्टीफन सॉल्टर यांनी एडिंबरा विद्यापीठात १९७०च्या दशकात ‘डक’ नावाचे डुलणारे यंत्र मांडले तेव्हापासून जोमाने चालू आहेत. आपल्याकडे केरळात विळिंजम इथे मासेमारी बंदराच्या लाटारोधक भिंतीला जोडून मद्रास आयआयटीने १९९१ मध्ये १५० किलोवॉटचे लाट-वीज केंद्र उभारले होते. लाट आत शिरली की बंद खोलीतली हवा दाबली जाते आणि ती हवा पाते फिरवते, अशी त्याची रचना. कितीतरी वर्षे ते प्रयोगासाठी वापरले गेले.

रान्सनंतर बंधाऱ्यांचा मोह हळूहळू ओसरला. कोरियात सिह्‌वा तलावावर २०११ मध्ये २५४ मेगावॉटचे केंद्र झाले, पण तिथली भिंत आधीच बांधलेली होती आणि आतले पाणी सडले होते. केंद्रामुळे समुद्राचे पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागले आणि तलाव सुधारला. असे उदाहरण विरळा. बाकीच्या जगाचे लक्ष वळले ते पाणी न अडवता वाहत्या प्रवाहात पाण्याखालची पवनचक्की उभी करण्याकडे. इथेच सल्लागाराचे काम खऱ्या अर्थाने कठीण झाले, आणि त्याचा सगळ्यांत बोलका धडा उत्तर आयर्लंडमध्ये मिळाला.

स्ट्रँगफर्ड लॉख हे तिथले मोठे खाडीसरोवर. समुद्राशी त्याचा संबंध एका अरुंद गळ्यातून. ओहोटीला सगळ्या सरोवराचे पाणी त्या गळ्यातून बाहेर धावते, भरतीला उलटे आत येते, आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला चार मीटरच्या घरात जातो. नॉर्स दर्यावर्द्यांनी या जागेला जे नाव दिले त्याचा अर्थच ‘जोरदार खाडी’. गळ्याच्या एका काठावर पोर्टाफेरी, दुसऱ्यावर स्ट्रँगफर्ड, मध्ये फेरीबोट. ही बोट नाक प्रवाहाच्या वर धरून तिरकी तिरकी पलीकडे जाते. आपल्याकडे खाडीत होडी चालवणारे करतात तेच. पण हीच जागा निसर्गासाठी कायद्याने राखीव. तळाशी मोठ्या शिंपल्यांची बेटे, किनाऱ्यावर सील, पाण्यात पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा बुटका, बोथट तोंडाचा भाऊबंद. त्यातही तिथल्या सीलची संख्या आधीपासूनच उतरणीला लागलेली.

अशा ठिकाणी २००८ साली ‘सीजेन’ हे यंत्र उभे राहिले. १.२ मेगावॉटचे, प्रत्येकी १६ मीटर व्यासाची, पात्यांची दोन चक्रे एका खांबाच्या दोन्ही बाजूंना. पात्याचे टोक सेकंदाला १२ मीटरच्या आसपास वेगाने फिरत असे. सील तिथून रोज ये-जा करणार. मग परवानगी कशी द्यायची? दिली ती एका अटीवर. आधी मोजा, चालू असताना मोजत राहा, आणि काही बिघडते आहे असे दिसले तर थांबा. मोजणी यंत्र उभे राहण्याच्या काही वर्षे आधी सुरू झाली. विमानातून सीलची गणती, काही सीलच्या अंगावर चिकटवलेले ठावठिकाणा कळवणारे यंत्र, पॉरपॉइजची टिकटिक ऐकणारे पाण्याखालचे कान, किनाऱ्यावरून निरीक्षण, पाणबुड्यांनी तपासलेला तळ. हे सगळे पाहायला शास्त्रज्ञांचा गट, आणि त्याचा अध्यक्ष कंपनीबाहेरचा.

सुरुवातीच्या काळात यंत्राच्या खांबावर एक निरीक्षक बसत असे आणि यंत्र दिवसाउजेडीच चालत असे. सील ठरलेल्या अंतराच्या आत आला की पाती थांबवायची. पुढे हे काम सोनारकडे आले, म्हणजे पाण्यातल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून हलती आकृती ओळखणारे उपकरण आले आणि पडद्यासमोर माणूस बसू लागला. थांबवण्याचे अंतर २०० मीटरपासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरपर्यंत आणले गेले. काही वर्षांच्या नोंदींतून दिसले ते असे: सील गळ्यातून जायचे थांबले नाहीत, पण पाती फिरत असताना जरा बाजूने जाऊ लागले, त्यांच्या फेऱ्या काहीशा घटल्या आणि ते पाणी थांबते त्या वेळी जास्त जाऊ लागले. पॉरपॉइज उभारणीच्या काळात दूर गेले, नंतर परतले. मोठे नुकसान दिसले नाही.

मेख मात्र पुढेच आहे, आणि लेखिकेने ती अजिबात लपवलेली नाही. सील जवळ आला की यंत्र थांबवले जात होते. मग फिरत्या पात्याजवळ सील काय करतो हे कळणार कसे? त्या जिवाला वाचवायची खबरदारी इतकी काटेकोर होती की ज्या प्रश्नासाठी सगळा खटाटोप, त्याचेच उत्तर हाती लागले नाही. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही ज्ञानाच्या आड येते, हे स्ट्रँगफर्डने दाखवले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सल्लागाराचे काम निसर्गाच्या बाजूने उभे राहण्याचे तर आहेच, पण उत्तर मिळेल अशी मोजणी आखण्याचेही आहे.

हा धडा स्कॉटलंडने उचलला. पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत ‘मेजेन’ प्रकल्पाला २०१३ मध्ये ८६ मेगावॉटची मंजुरी मिळाली, पण अट अशी की सुरुवातीला मोजकीच यंत्रे उतरवायची, त्यांच्याजवळ काय घडते ते पाहायचे, आणि मगच पुढची. पहिल्या टप्प्यात १.५ मेगावॉटची चार यंत्रे बसली. एका यंत्राच्या बुडाशी पाण्याखालचे कान लावून पॉरपॉइजचे माग काढले, तेव्हा पाती फिरत असताना ते वळसा घालून जातात असे आढळले. सीलबद्दलही तशीच माहिती जमू लागली. ऑर्कनी बेटांवर २००३ पासून चालणारे युरोपियन मरीन एनर्जी सेंटर आहे. तिथे ईडे बेटाच्या टेकडीवरून निरीक्षक वर्षानुवर्षे एकाच पाण्याकडे पाहून पक्षी आणि सील टिपत राहिले. असे काम वर्तमानपत्रात येत नाही. थंडी, पाऊस, वारा आणि चार-चार तासांची पाळी. पण या क्षेत्राचा पाया त्या वह्यांत आहे.

आता एक आकडा जवळून पाहू, कारण अहवालातली भांडणे बहुधा याच्यावरून होतात. यंत्रावर किती प्राणी आदळतील हे काढताना आधी असे धरतात की प्राणी डोळे मिटून पोहतो आहे. त्यावरून पात्याच्या वाटेत वर्षाला किती येतील ते निघते, समजा १००. मग त्यातले किती स्वतःहून चुकवतील ते वजा करायचे. ९८ टक्के चुकवतात म्हटले तर दोन आदळतील. ९५ टक्के म्हटले तर पाच. वरवर पाहता तीन टक्क्यांचा फरक, पण उत्तर अडीचपट झाले. आणि ती टक्केवारी आणायची कुठून? प्रत्यक्ष पाहिलेली नसेल तर दुसऱ्या जातीवरून, पवनचक्कीभोवतीच्या पक्ष्यांवरून, किंवा तज्ज्ञांच्या अंदाजावरून. जो सल्लागार हा आकडा ठळक अक्षरात मांडतो आणि ‘ही टक्केवारी मी गृहीत धरली आहे, बदलली तर निकाल असा बदलेल’ असे त्याच पानावर सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. आदळणे म्हणजे मरणेच का, हेही तपासले गेले. मेलेल्या सीलच्या देहांवर पात्यासारखी वस्तू वेगवेगळ्या वेगाने आपटून पाहिली, तेव्हा सेकंदाला पाच-सहा मीटरच्या पुढे हाडे मोडतात आणि त्याखाली धोका बराच कमी, असे दिसले. वाचताना अंगावर काटा येतो. पण हे न करता लिहिलेला आकडा हा निव्वळ अंदाज राहिला असता.

उलट बाजूचे उदाहरण कॅनडाचे. नोव्हा स्कॉशिया प्रांतात अ‍ॅनापोलिस इथे १९८४ पासून २० मेगावॉटचे भरती-वीज केंद्र चालू होते. नदीतून वर-खाली जाणाऱ्या माशांचा मार्ग त्या यंत्रातून. किती मासे मरतात यावरून तीसेक वर्षे वाद चालला. २०१९ मध्ये यंत्र बिघडले. पुन्हा सुरू करायचे तर मत्स्य कायद्याखाली माशांच्या हानीची रीतसर परवानगी लागेल असे ठरले, आणि शेवटी कंपनीने केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय घेतला. जो प्रश्न १९८४ च्या आधी विचारायचा तो पस्तीस वर्षांनी रीतसर विचारला, आणि त्याची किंमत मासे आणि वीज दोघांनी मोजली.

सल्लागाराला पैसे देतो कोण? प्रकल्पवाला. यात अडचण आहे आणि ती शब्दांनी झाकता येत नाही. उपाय आहेत, पण तेही अर्धेमुर्धे: स्वतंत्र अध्यक्षाचा शास्त्रज्ञ गट, मोजणीची पद्धत आधी जाहीर करणे आणि सगळ्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणे. शेवटचा उपाय मला सगळ्यांत पक्का वाटतो. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने ‘टेथिस’ नावाचे खुले भांडार चालवले आहे. जगभरच्या अशा प्रकल्पांचे अहवाल त्यात सापडतात. जिथे असे होत नाही तिथे कंपनी बुडाली की नोंदीही बुडतात. पेलॅमिस या लाटांवरच्या लांबलचक सापासारख्या यंत्राने २००४ मध्ये ऑर्कनीत जाळ्याला वीज दिली, आणि २०१४ मध्ये ती कंपनी कोसळली. लाटेच्या यंत्रांचे जीवसृष्टीशी नाते काय, याची माहिती आजही प्रवाहातल्या यंत्रांच्या मानाने तुटपुंजी राहण्यात अशा कंपन्यांच्या अकाली अंताचाही वाटा आहे.

आपल्याकडचे काय? खंबातच्या आखातात उधाणाला पाणी ११ मीटरपर्यंत चढते, कच्छच्या आखातातही प्रवाह जबर आहेत. त्याच कच्छच्या आखातात पोवळ्यांची बेटे आहेत, डुगाँग म्हणजे समुद्री गाई आहेत आणि १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. गुजरातने २०११ च्या सुमारास तिथे भरती-वीज प्रकल्प जाहीर केला होता. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीत ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता. दोन्ही प्रत्यक्षात आले नाहीत. मी याला संधी समजतो. मोजायला वेळ मिळाला आहे.

त्या वेळेचा उपयोग कसा करायचा याबद्दल माझा एक अनुभव सांगतो. उमेदीच्या काळात कोकणातल्या एका खाडीवरच्या कामासाठी मी पक्षी आणि तळातले जीव मोजायला गेलो होतो. काम देणाऱ्यांना घाई होती. जानेवारीत तीन आठवडे मोजले आणि तेच वर्षाचे चित्र म्हणून अहवालात गेले. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी किती येते, गाळ कुठे जातो, कोलंबीची पिल्ले केव्हा आत शिरतात, यातले काहीच आम्ही पाहिले नव्हते. माझे नाव त्या अहवालावर आहे. आपल्या परवानगीच्या चौकटीतही बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची माहिती मागितली जाते. कारखान्याच्या धुराड्यासाठी ते एक वेळ चालेल. पण अरबी समुद्राच्या लाटांत खरी ताकद असते ती जून ते सप्टेंबर. लाटेवर वीज करायची आणि जीवसृष्टीची मोजणी मात्र शांत समुद्राची, हे कसे जुळणार? लेखिकेने याच मुद्द्यावर सबंध प्रकरण खर्च केले आहे. या पुस्तकाचे ते काळीज आहे असे मी मानतो.

आणखी एक गोष्ट तिने हेरली आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. वसई, अर्नाळा, सातपाटीच्या बाजूला डोल जाळे लावतात. समुद्रात खुंट मारून प्रवाहाच्या तोंडावर बांधलेले हे शंकूच्या आकाराचे जाळे. भरतीला त्याचे तोंड एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे. बोंबील, जवळा, करंदी आपसूक आत वाहत येतात. इंजिन नाही, ओढणे नाही, सगळे काम प्रवाह करतो. म्हणजे भरती-ओहोटीची ऊर्जा आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेच, विजेऐवजी मासळीच्या रूपात. प्रवाहाची यंत्रे ज्या जागा शोधतील त्याच जागा डोलीच्या. कुठल्या तिथीला कुठल्या खुंटावर किती जोर असतो, कोणत्या वर्षी गाळ सरकून जागा बदलावी लागली, बोंबील कधी उतरतो, हे तांडेलाच्या डोक्यात पक्के असते.

लेखिकेने अशा काही तांडेलांच्या सोबत बोटीवर जाऊन वर्षभराच्या नोंदी घेतल्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी त्या तिने जशाच्या तशा छापल्या आहेत: तिथी, जाळे टाकल्याची वेळ, प्रवाहाबद्दल तांडेलाचा शब्द आणि शेजारच्या रकान्यात तिच्या मापकाने दाखवलेला वेग. काही दिवस दोन्ही जुळतात, काही दिवस जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या दिवसांपुढे तिने काहीही दुरुस्त न करता फक्त त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे.